सुपडू प्याला ते पाणी

२०२२ साली मी सत्तर वर्षांचा होतो. त्या वर्षी भर ग्रामसभेत मी सुपडू नळवाल्याच्या ओंजळीत पाणी ओतलं आणि त्याच्याकडून शब्द घेतला. आमच्या गावात हातात पाणी घेऊन बोललेला शब्द माणूस मोडत नाही. मोडायचाच झाला तर ज्यानं पाणी ओतलं त्यानं स्वतः त्याच्या घरी जाऊन, मी तुला सोडवलं, असं म्हणावं लागतं. तिसऱ्या कोणाच्या म्हणण्यानं होत नाही.

सुपडू आता नाही. गावात त्याच्याबद्दल पुष्कळ बोलतात, चांगलंच बोलतात, पण त्यात माझं नाव कोणी घेत नाही. माझ्या तोंडावर तरी घेत नाही. म्हणून मीच लिहितो. चौथी शिकलेला माणूस आहे, अक्षर वाकडं आहे, पण जे आहे ते आहे.

सुलतानपूरहून आमच्या गावाला यायला दोन कोस. सुपडूच्या आईची आधीची दोन लेकरं जगली नाहीत. म्हणून हा झाला तेव्हा त्याला सुपात घालून शेजारणीच्या दारात ठेवला आणि मग तिच्याकडून मागून घेतला. नाव पडलं सुपडू. पंचायतीच्या कागदावर दुसरं नाव होतं, ते हजेरीपुरतं. माझ्याहून अठरा वर्षांनी लहान. बुटका, काटक, बोलायला हळू. पायजम्याचा डावा पाय कायम गुडघ्यापर्यंत दुमडलेला आणि उजवा खाली सोडलेला, कारण वॉलच्या खड्ड्यात तो डावाच पाय घालायचा. खांद्यावर वॉल फिरवायची चावी. चावी म्हणजे छातीएवढी लांब लोखंडी कांब, वर आडवा दांडा. ती त्यानं कधी पंचायतीत ठेवली नाही, रोज घरी न्यायचा. हॉटेलात बसलेले लोक विचारायचे, "सुपडू, निजतानी बी जवळ घेऊन निजतो का बे हिले?"

"हो नं," तो म्हणायचा. "हे इकून, बायको तिकून. दोघीबी बोलत नाहीत."

पाणी सोडलं की त्याची एक रीत होती. वॉल उघडायचा, सायकलवर बसायचा आणि थेट गल्लीच्या शेवटच्या घरी जायचा. पहिल्या नळाकडं बघायचाही नाही. शेवटच्या नळाला पाणी आलं की आधीचं गढूळ जाऊ द्यायचा, मग ओंजळ भरून तोंडात घ्यायचा. गिळायचा नाही. डोळे मिटून, गाल फुगवून उभा राहायचा. बाया घागरी घेऊन थांबलेल्या असायच्या, हसायच्या. "सुपडूभाऊ, गिळा आता, नाहीतर थुका. आमाले सैपाक हाय." मग तो थुकायचा आणि सांगायचा, टाकी धुवायला झाली, किंवा ब्लिचिंग जास्त पडलं, किंवा काही नाही, भरा. मी एकदा विचारलं, शेवटच्याच नळाला काऊन? म्हणाला, "पहिल्या नळाले मोठे लोक राह्यतात दादा. थे बोलतात. शेवटचे बोलत नाहीत, म्हनून मी तिथं जातो."

मला ते नाटक वाटायचं. नळवाल्यानं नळ सोडावा, चव कशाला बघावी.

दुसरी रीत डाळीची. कुठलं नवं पाणी आलं, टँकरचं येवो की कोणाच्या विहिरीचं, सुपडू टाकीखाली तीन दगड मांडायचा, पातेलं ठेवायचा आणि मूठभर तुरीची डाळ शिजायला टाकायचा. तासाभरानं दाणा काढून बोटात दाबायचा. दाबला गेला तर पाणी चांगलं. तपासणीच्या बाटल्या तालुक्याला जायच्या, कागद यायचे, पण सुपडूचा कागद म्हणजे ती डाळ. ती नंतर तो खाऊन टाकायचा, नुसती, मीठ न घालता.

त्याचं आणि माझं बिनसलं ते ओट्यावरून. ग्रामसभेच्या चार-पाच वर्षं आधी खालच्या गल्लीत ढाळ-वांती लागली होती. सुपडूनं तिथल्या नळाचं पाणी तोंडात धरलं आणि थुकून म्हणाला, यात नालीचं पाणी आहे. मग दोन दिवस तो पाइपाच्या रेषेनं जमिनीला कान लावत फिरला. तिसऱ्या दिवशी माझ्या दारात आला.

"दादा, तुमच्या ओट्याखाली जोड फुटेल हाय."

"माह्या ओट्याखाली काही नाही."

"ओटा वाढवला तवा पाइप आत गेला."

"ओटा माह्या बापानं बांधेल हाय."

"बापानं अर्धा बांधला. पुढचा तुमी बांधला. मी तवा इथंच होतो, ओट्यावर पानी माराले."

चार माणसं ऐकत होती. मी म्हटलं, चालता हो. तो चालता झाला नाही. समोरच्या निंबाखाली कुदळ घेऊन बसला. दिवसभर बसला. दुसऱ्या दिवशीही बसला. येणारा-जाणारा विचारायचा, "काय करून राह्यला बे सुपडू?" तर म्हणायचा, "दादाची वाट पाहून राह्यलो." शिवी नाही, तक्रार नाही. तिसऱ्या दिवशी मी डोणगावच्या बाजाराला निघालो आणि निघताना त्याच्याकडं न बघता म्हटलं, माह्या मागं काय करायचं थे कर. परत आलो तर जोड बसवून झाला होता. ओटाही त्यानं स्वतःच्या हातानं पुन्हा बांधला होता, वर ओलं पोतं टाकलं होतं. खालच्या गल्लीतली दुखणी थांबली. पण नव्या सिमेंटची रेघ ओट्यावर तशीच राहिली, आणि रोज सकाळी दात घासताना ती मला दिसायची. ओट्याचा पुढचा भाग मी बांधला, हे खरं आहे. पण ते सगळ्यांसमोर सांगायची गरज नव्हती, असं मला तेव्हा वाटायचं.

बावीसच्या उन्हाळ्यात नाल्याकाठची गावविहीर तळाला गेली. पंचायतीनं माळावर बोअर घेतला. पाणी धो-धो लागलं, लोकांनी नारळ फोडला. सुपडूनं तीन दगड मांडले. दुपारी तो ओंजळीत डाळ घेऊन सरपंचाकडं गेला. मी तिथंच बसलो होतो. दोन तास शिजवलेली डाळ, आणि दाणा न् दाणा खडखडीत.

"हे पानी गावाले देऊ नोका," तो म्हणाला.

सरपंच म्हणाला, "मंग काय देऊ? तुह्यं रगत?"

बोअर टाकीला जोडला. ते पाणी कसं होतं ते सांगतो. आधी खारं लागायचं, मग जिभेच्या मुळाशी कडू, आणि गिळल्यावर दातांवर काहीतरी बसून राहायचं. चहा फाटायचा. साबणाला फेस नाही. भांड्याला आतून पांढरी पापडी धरायची. पिऊन पिऊन तहान जायची नाही. सुपडू रोज वॉल उघडायचा, शेवटच्या नळाला तोंडात पाणी धरायचा, आणि आता थुकून काहीच सांगायचा नाही. बाया विचारायच्या, तर खाली मान घालून चावी उचलायचा.

त्यातच लोकांना दिसायला लागलं की सुपडू सायकलला दोन कॅन लावून गावविहिरीवर जातो. विहिरीत हातभर पाणी होतं, गोड होतं. बादली खाली सोडून तो कॅन भरायचा आणि न्यायचा. मला हे कळलं तेव्हा मी मनात म्हटलं, सापडला.

ग्रामसभा मारुतीच्या पारावर होती. पाण्यावरून आरडाओरडा चालू होता. सुपडू बाजूला चावी टेकून उभा होता. मी उठलो. मी उठलो की गाव गप्प बसतं, तेव्हा तरी बसायचं.

"सुपडू," मी म्हटलं, "गावाले बोअरचं पाजतो अन् तू विहिरीचं नेतो. खरं की खोटं?"

"नेतो," तो म्हणाला.

"मंग हे पानी चांगलं हाय का वाईट हाय?"

"खारं हाय. मी पहिलेच सांगतलं होतं. पन सध्या हेच हाय दादा."

"हेच हाय तर तूबी हेच पे."

कोणीतरी हसलं. मला तेवढंच पुरलं. पारावरच्या नळाखाली मी लोटा भरला आणि त्याच्यापुढं धरला. "ओंजळ कर. सांग, गावाले नळातून जे सोडशीन थेच पेशीन."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. काहीतरी बोलणार होता. मग चावी पाराला टेकवून ठेवली, दोन्ही हात पुढं केले. मी पाणी ओतलं. तो म्हणाला, "गावाले हे पानी हाय तवरोक मी हेच पेईन. घरी बी, बाहेर बी." आणि ती ओंजळ पिऊन टाकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी मी घरी आलो आणि ओट्यावर छाती काढून बसलो.

ते कॅन शाळेत जात होते. खिचडीतली डाळ बोअरच्या पाण्यात शिजत नव्हती, कच्ची डाळ खाऊन लेकरांची पोटं दुखत होती, म्हणून तो गोड पाणी खिचडी करणाऱ्या बाईला नेऊन द्यायचा. हे मला चार महिन्यांनी त्याच बाईनं सांगितलं. मी तिला म्हटलं, मंग सभेत काऊन नाही बोलला? ती म्हणाली, "तुमी बोलू देलं काय?"

पुढं काय झालं, ते सगळ्या गावांत झालं तेच. चौकात फिल्टरचा प्लांट आला. थंड पाण्याचे जार गाडीतून घरोघर जायला लागले. आधी मास्तरांनी लावला, मग दुकानदारांनी, मग ज्यांना परवडलं त्या सगळ्यांनी. नळाचं पाणी भांड्याला आणि गुरांना. मी ठरवलं होतं, आपण नळाचंच प्यायचं; सभेत बोललेला माणूस आहे. पोटात जळजळ व्हायला लागली, रात्रभर घसा कोरडा. एक दिवस सूनबाईनं मला न विचारता ग्लास दिला. मी प्यालो आणि रिकामा ग्लास परत दिला. ती म्हणाली, "मामाजी, गाडी मागच्या दारी थांबवाले सांगू का?" मी हो म्हटलं. चौकात मात्र कोणी विचारलं की सांगायचो, आपलं नळाचंच.

सुपडू तेवढा राहिला. घरात जार असून नळाचं पिणारा गावात एकटा. बायको आणि लेकी जारचं प्यायच्या. त्यानंच आणून दिला होता. स्वतःचा माठ त्यानं वेगळा केला. लग्नकार्यात गेला तरी पिशवीत नळाच्या पाण्याची बाटली. पंगतीत बाजूला थंड जार असायचे आणि हा आपली बाटली काढायचा. पोरीच्या सासरी, साखरखेर्ड्याला, व्याह्यानं हात धरला, म्हणाला, इथं तर आमचं पाणी आहे, तुमच्या गावचं नाही, इथं काय हरकत? तर म्हणाला, "घरी बी, बाहेर बी, असं बोललो मी." लोक हसायचे. त्याला बाटलीवाला म्हणायला लागले. तोही हसायचा.

एकदा मी विचारलं होतं, वॉलवर भेटला तेव्हा. "काऊन इतका हट्ट करतो बे?"

म्हणाला, "हट्ट नाही दादा. मी पेतो म्हनून शेवटच्या गल्लीतले चार घरं बिनभेव पेतात. त्याईच्याकडं जार नाही येत. मी सोडलं तर थे काय म्हनतीन? की याले मालूम हाय, यात काहीतरी हाय."

हे त्याचं चुकलं. त्यानं पिऊन पाणी चांगलं होणार नव्हतं. ती चार घरंही तेच पाणी पीत राहिली. पण हे त्याला सांगणारा मी कोण होतो.

चोवीसच्या उन्हाळ्यात सकाळी त्याचं तोंड सुजलेलं दिसायला लागलं. मग पाय. दुमडलेल्या पायजम्याखाली पोटरी फुगून चकचकीत, बोट दाबलं तर खड्डा तसाच राहायचा. चावी खांद्यावरून खाली आली, तो ती ओढत न्यायला लागला, रस्त्यावर रेघ उमटायची. जेवण जाईना. उलट्या. जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं तर डॉक्टर म्हणाले, दोन्ही किडन्या गेल्यात. बीपी किती वर्षांपासून होता, कोणी मोजलाच नव्हता. पाण्यानंच झालं असं सांगता येत नाही, पण ते पाणी आधी बंद करा, असंही म्हणाले. आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुवायला जायचं ठरलं.

त्याची बायको वच्छला माझ्याकडं आली. कधी आमच्या उंबऱ्याच्या आत न आलेली बाई. उभ्यानंच बोलली.

"दादा, डाक्टरनं थे पानी बंद कराले सांगतलं. हे आयकत नाहीत. म्हनतात, दादानं पानी ओतलं होतं, दादा येतीन तवा पाहू. तुमी एक डाव या. दोन शब्द बोला."

"येतो," मी म्हटलं.

"आज येता?"

"येतो म्हटलं नं."

त्या दिवशी गेलो नाही. त्या आठवड्यात गेलो नाही. कारण सांगतो, त्यात लपवायचं काही उरलेलं नाही. तिथं जाऊन त्याला सोडवायचं म्हणजे ते पाणी पिण्यासारखं नाही हे माझ्या तोंडानं म्हणावं लागणार. मग कोणीतरी विचारणार, तुम्ही कोणतं पिता. मी मनात धरलं, पाऊस चांगला झालाय, गावविहीर भरेल, बोअर बंद होईल, शब्द आपोआप संपेल. विहीर भरली. पण तिची मोटर काढून नेली होती, आणि बोअर चालूच राहिला. वच्छला पुन्हा आली. मी सूनबाईला सांगायला लावलं, घरी नाहीत. अंगणातून जाताना तिला माझे जोडे दिसले असतील.

असा दीड महिना मी काढला.

मग एका दुपारी गेलो. कोणी बोलावलं नव्हतं. सुपडू पुढच्या खोलीत बाजेवर भिंतीला टेकून बसला होता. रंग राखेसारखा, हाताला सुयांच्या गाठी. उशाशी त्याचा माठ, त्यावर उपडा छोटा कप. मला पाहून उठायला लागला, मी हातानं बस म्हटलं. थोडं इकडचं-तिकडचं झालं, सोयाबीन, पाऊस. मी शब्द जुळवत होतो. तोच म्हणाला,

"पानी कसं येऊन राह्यलं दादा तुमच्याकडं?"

"बरं येते."

"आज आलं?"

"आलं नं. सकाळीच आलं."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. आजारी माणूस बघतो तसं.

"बोअरची मोटर जळेल हाय दादा. चार दिवस झाले. टाकीत थेंब नाही. पंचायतीतून मले फोन येते, काय करावं म्हनून."

आत वच्छलाची भांडी वाजत होती, ती थांबली. घरी वापरायला हौद भरलेला होता, नळाला पाणी येतं की नाही हे मी बघतच नव्हतो. मी जमिनीकडं बघत होतो. शेणानं सारवलेली जमीन, कडेला पांढऱ्या मातीची रेघ ओढलेली. अजून डोळ्यांपुढं आहे.

"किती दिवस झाले जार लावून?" त्यानं विचारलं.

"दोन वर्सं होतीन."

"मले मालूम हाय. तुमच्या मागच्या गल्लीतच वॉल हाय. मी वॉलवर असतो तवाच गाडी येते."

"मंग बोलला काऊन नाही? भर चौकात बोलायचं होतं."

"तुमी इतक्या लोकात बोलले होते दादा. मंग तुमाले कसं झालं असतं." आणि म्हणाला, "ओट्याच्या टायमाले मी बोलून गेलो होतो. तवाच म्हटलं होतं, आता नाही बोलाचं."

मी सत्तरी ओलांडलेला माणूस. बाप मेला तेव्हा लोकांसमोर रडलो नव्हतो. तिथंही रडलो नाही. मी म्हटलं, "सुपडू, थे कॅन शाळेत जात होते, मले मागून समजलं. मी चुकलो. तुले सोडवलं मी. आता थे पानी पेऊ नोको."

वच्छला दारात येऊन उभी राहिली होती. सुपडूनं मान हलवली. मग त्याला हसू आलं, खोकला आला, पुन्हा हसू आलं.

"तुमीबी लय उशिरा आले दादा. आता डाक्टरनं पान्यालेच बंदी केली. दिवसाचे दोन कप. दोन कपात खारं काय अन् गोड काय." तो बायकोकडं वळला. "वच्छे, आजचे झाले का माह्ये?"

"झाले," ती म्हणाली.

"मंग उद्या पेतो. उद्या दादाच्या जारातलं पेतो. पाहू, कसं लागते."

निघताना मी दारातून वळून पाहिलं. त्यानं डावा पाय बाजेखाली सोडला होता आणि वाकून त्या पायाचा पायजमा वर दुमडत होता, सुजलेल्या पायावरून तो चढत नव्हता. वच्छला म्हणाली, राहू द्या नं, कुठं जायचं हाय. तो दुमडतच होता. तेच मी त्याला शेवटचं पाहिलं. पहाटे त्याला दम लागला आणि गाडी करून नेलं. तिथून तो परत आला तो पांढऱ्या कापडात.

पण हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जारवाल्याची गाडी मागच्या दारी येऊ दिली नाही. चौकात गेलो, हॉटेलासमोर, सगळे बसलेले असताना, आणि गाडीतून एक जार उतरवून खांद्यावर घेतला. कोणीतरी म्हणालं, "दादा, द्या इकडं. कोनाचा हाय?" मी म्हटलं, "माह्या घरचा. दोन वर्सांपासून हेच पेऊन राह्यलो." आणि तसाच सगळ्या गावातून चालत गेलो. दोनदा ठेवून दम घ्यावा लागला. सुपडूच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या बाईनं सांगितलं, पहाटेच नेलं. मी जार ओट्यावर ठेवला आणि बसलो. ऊन ओट्यावर चढायला लागलं. येतील तेव्हा पाणी तापलेलं नको, म्हणून डोक्याचा रुमाल सोडला, जाराभोवती गुंडाळला, आणि उघड्या डोक्यानं घरी आलो.